चिंचोक्यांचा हिशेब

बंगळूरच्या उत्तरेचे येलहंका हे तसे जुने गाव. १५३७ साली बंगळूर वसवणारे केम्पेगौडा इथलेच नाडप्रभू. आज इथे हवाई दलाचा तळ आहे, रेल्वेचा चाक कारखाना आहे आणि आसपास उंच इमारतींची वसाहत वाढते आहे. नोकरीनिमित्त आलेली मराठी कुटुंबेही या उपनगरात आहेत. आईवडील दोघेही कामावर, मुले अकरावी-बारावीला आणि क्लासचे निरोप यावेत म्हणून त्यांच्या हातात दिलेला मोबाइल, हे चित्र अशा घरांत नेहमीचेच. मुले मोबाइलवर नको ते पाहत नाहीत ना, याची काळजी पालक करतात. पण ती पैसे लावून खेळत नाहीत ना, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. जुगार म्हटला की अजूनही पत्त्यांचा अड्डा किंवा मटक्याची टपरीच डोळ्यांपुढे येते.

सरकारने बंदी घातली की प्रश्न मिटला, असेही अनेकांना वाटते. कर्नाटकाचा अनुभव मात्र वेगळा आहे. २००७ साली राज्याने लॉटरी बंद केली. २०२१ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी आणली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनेच देशभरासाठी कायदा केला आणि अशा खेळांवर व त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. कायद्याने खेळणाऱ्याला नव्हे, तर खेळवणाऱ्याला शिक्षा सांगितली आहे. त्याविरुद्धही कंपन्यांनी न्यायालयात धाव घेतली. कायदा हवाच, पण परदेशातून चालणारी संकेतस्थळे आणि क्रिकेटच्या सामन्यावर मित्रामित्रांत लागणाऱ्या पैजा केवळ कायद्याने थांबत नाहीत. तिथे उपयोगी पडते ती मुलाची स्वतःची समज.

ही समज द्यायची कशी? ‘जुगार वाईट, त्याने घरे बुडतात’ एवढे सांगून भागत नाही. धर्मराजाची गोष्ट आपण सर्वांनीच लहानपणी ऐकली आहे. तिचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. पहिल्या द्यूतात गेलेले सर्व काही धृतराष्ट्राने परत केले होते आणि तरीही युधिष्ठिर पुन्हा फासे टाकायला बसला. जाणत्या माणसाचीही ही गत होते, मग सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे काय? मोहाला आवर घालणारा मेंदूचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत असतो. त्यातच मधूनमधून, अनपेक्षितपणे होणारी जीत माणसाला सर्वांत घट्ट बांधून ठेवते. थोडक्यात हुकलेला डावसुद्धा हरल्यासारखा वाटत नाही. ‘आता जमणारच’ असा भास निर्माण करतो.

कॅनडातील आल्बर्टा प्रांतात शाळकरी मुलांसाठी ‘स्टॅक्ड डेक’ नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. त्यात नुसती भीती न दाखवता जुगाराचे गणित, त्याविषयीच्या खुळ्या समजुती आणि निर्णय कसा घ्यावा हे शिकवले गेले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे धडे घेतलेल्या मुलांचे जुगार खेळण्याचे प्रमाण काही महिन्यांनंतर कमी झाल्याचे आढळले.

असा एक धडा घरीही देता येतो. शून्य ते नऊ आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या डब्यात टाका. मटका हे नावही अशाच चिठ्ठ्यांच्या मडक्यावरून पडलेले आहे. एका आकड्यावर एक चिंचोका लावायचा, तो आकडा निघाला तर नऊ चिंचोके मिळणार, असा नियम ठेवा. नऊपट म्हटल्यावर मुलांना सौदा फायद्याचा वाटेल. आता त्यांना दहाही आकड्यांवर एकेक चिंचोका लावायला सांगा. कोणतीही चिठ्ठी निघो, दहा चिंचोके गेले आणि नऊ आले! हा एक चिंचोका डबा धरणाऱ्याचा. डाव जितके जास्त, तितकी त्याची कमाई पक्की.

मग दुसरा प्रयोग करा. प्रत्येक वेळी चिठ्ठी परत डब्यात टाकून वीस वेळा काढा आणि आकडे लिहून ठेवा. एखादा आकडा एकदाही आला नाही, असे सहज घडते. ‘आता तो येणारच’ असे मुले म्हणतील. पण डब्यातल्या चिठ्ठीला मागचे काही आठवत नसते. १९१३ साली मॉन्टे कार्लोच्या जुगारघरात चेंडू सलग २६ वेळा काळ्या घरात पडला आणि ‘आता लालच’ म्हणत लोक मोठमोठ्या रकमा हरत गेले.

एवढे करूनही मूल यात अडकले तर? उधारी, पालकांच्या खात्यातून न सांगता गेलेले पैसे, रात्रीची जागरणे, सामन्याच्या वेळी नको इतकी अस्वस्थता आणि पैशांबद्दल विचारताच चिडणे, ही खुणेची लक्षणे. अशा वेळी मारझोड करू नये आणि गुपचूप कर्जही फेडून टाकू नये. मारामुळे मूल लपवायला शिकते; फुकट फेडीमुळे पुढच्या डावाची सोय होते. त्याच्याबरोबर बसून किती घेतले, कुणाचे घेतले आणि किती गेले हे कागदावर मांडावे. यूपीआयचा पिन लगेच बदलावा. फेडीत त्याच्या खाऊच्या पैशांतूनही थोडा वाटा असावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचे व्यसन आहे. त्यामुळे डॉक्टरांकडे जाण्यात लाज बाळगण्याचे कारण नाही. येलहंकाच्या पालकांना तर मदत शहरातच आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१४ साली तंत्रज्ञानाच्या अतिवापरातून उद्भवणाऱ्या तक्रारींसाठी ‘शट’ नावाचे खास उपचार केंद्र सुरू केले. देशात कुठेही असाल, तरी सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत फिरवता येतो.

आणि हो, दिवाळीतली तीन पत्ती ‘गंमत म्हणून’ आणि बाबांची सामन्यावरची पैज ‘सहजच’ असे घरात चालत असेल, तर मुलापुढे चिंचोके मांडण्याआधी मोठ्यांनी तो हिशेब स्वतः करून पाहावा.