विजयदुर्गची आग

पालखी मार्गावरच्या नातेपुत्यात इतिहासाचा वाद निघाला की गाडी पानिपतावर जाते. भाऊसाहेब जिंकले असते तर? आमच्या मते खरा ‘जर-तर’ त्याआधी पाच वर्षे, विजयदुर्गच्या खाडीत आहे. मराठा आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे जुमानत नाही म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज नौसेनानी वॉटसनच्या तोफांचा एक गोळा ‘रिस्टोरेशन’वर पडला. हे जहाज आंग्र्यांनीच पूर्वी इंग्रजांकडून हिसकावलेले. त्याची आग शेजारच्या गलबतांना लागली आणि कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याने जोपासलेले आरमार पेटले. जमिनीवरच्या इंग्रज फौजेचा सेनानी होता रॉबर्ट क्लाइव्ह. पुढच्याच वर्षी त्याने प्लासी जिंकली.

तुळाजी उद्दाम होता, हे मान्य. पण सरदाराला वठणीवर आणणे वेगळे आणि परक्याच्या हातून आपलेच आरमार जाळणे वेगळे. ते वाचले असते तर मुंबईकर इंग्रजांना कोकण किनाऱ्यावर इतके मोकळे रान मिळाले नसते.

आरमार पुन्हा उभे करायला पिढ्या लागतात. आजही ते खरे आहे. ऑस्ट्रेलियाने फ्रान्सशी केलेला 12 पाणबुड्यांचा करार 2021 मध्ये मोडून अणुपाणबुड्यांसाठी अमेरिका-ब्रिटनचा हात धरला. तिथला वाद अजून शमलेला नाही. आपल्या माझगाव गोदीने फ्रेंच तंत्रज्ञानावर सहा पाणबुड्या बांधल्या, शेवटची ‘वागशीर’ जानेवारी 2025 मध्ये नौदलात आली. पुढच्या सहा पाणबुड्यांची योजना मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. या कामातून तयार झालेले कुशल वेल्डर आणि अभियंते कामाविना पांगू नयेत, याची जबाबदारी संरक्षण मंत्रालयाची आहे.