हक्क राखून वाटणे

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठीतील कथा, कविता, व्यंगचित्रे आणि वैचारिक लेखन यांचा फार मोठा भाग प्रथम दिवाळी अंकांतूनच वाचकांसमोर आला, त्यांतील थोडे साहित्य पुढे पुस्तकरूपाने टिकले, पण उरलेले बरेचसे आज ग्रंथालयांच्या कपाटांत पिवळ्या पडलेल्या, हात लावताच तुटणाऱ्या पानांवर पडून आहे. कागदाची जीर्णता आणि पैशाची चणचण ही त्याची कारणे खरीच. परंतु ते पुन्हा छापण्याची परवानगी कोणाकडे मागायची हे सांगणारेच कोणी उरलेले नाही, हे त्याहून मोठे कारण आहे.

भारतीय कॉपीराइट कायदा 1957 चा असून त्यानुसार साहित्यकृतीवरील स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ही मुदत पूर्वी 50 वर्षांची होती, ती 1992 मध्ये वाढवण्यात आली. साने गुरुजींचे निधन 1950 मध्ये झाले, म्हणून 1 जानेवारी 2011 पासून ‘श्यामची आई’ कोणालाही विनापरवानगी छापता येते. याउलट 1975 च्या एखाद्या अंकात कथा लिहिणारा लेखक 2005 मध्ये निवर्तला असेल, तर ती कथा 2065 च्या अखेरपर्यंत, म्हणजे छापल्यापासून 90 वर्षे, बंदिस्त राहील. बाहेरून लिहिणाऱ्या लेखकाने हक्क लेखी सुपूर्द केले नसतील तर ते त्याच्याकडेच राहतात, आणि मराठीत असे करार क्वचितच होतात. मानधन आणि अंकाची एक प्रत यांवर व्यवहार संपतो. पुढे मासिक बंद पडते, वारस पुण्यापासून परदेशापर्यंत पांगतात, आणि त्यांतील अनेकांना आपल्याकडे असा काही हक्क आहे याची कल्पनाही नसते. जतनासाठी अशा अंकाची संगणकीय प्रत करण्याची मुभा सार्वजनिक ग्रंथालयाला कायद्याने आहे. ती प्रत सर्वांसाठी खुली करण्याची मात्र नाही.

या कोंडीचा अनुभव इतर देशांनीही घेतला आहे. अमेरिकेने 1998 मध्ये स्वामित्वहक्काची मुदत 20 वर्षांनी वाढवली, तेव्हा मुदत संपलेली पुस्तके इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून देणारे एरिक एल्ड्रेड यांनी त्या कायद्याला आव्हान दिले. त्यांची बाजू कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग यांनी मांडली. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरले. मात्र कायदा बदलण्याची वाट न पाहता, आहे त्याच कायद्याच्या आधारे लेखकाला आपली कृती खुली करता यावी, या हेतूने लेसिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 मध्येच ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था स्थापन केली होती आणि डिसेंबर 2002 मध्ये तिचे पहिले परवाने प्रसिद्धही झाले होते.

मुक्त परवाना म्हणजे निर्मात्याने सर्वांना आधीच, जाहीरपणे आणि काही अटींवर दिलेली परवानगी होय. स्वामित्वहक्क लेखकाकडेच राहतो. कोणत्या वापरासाठी आपल्याला विचारण्याची गरज नाही, एवढेच तो सांगून ठेवतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या सहाही परवान्यांत निर्मात्याचे श्रेय देणे बंधनकारक आहे. त्याला आणखी तीन अटींची जोड देता येते: व्यापारी वापर करू नये, मूळ कृतीत बदल करून ती प्रसृत करू नये, किंवा बदल केल्यास नवी कृतीही त्याच अटींवर खुली ठेवावी. श्रेय आणि समान अटी यांवर आधारलेल्या परवान्याखालीच मराठी विकिपीडियावरील लेख उपलब्ध आहेत. एकदा दिलेली अशी परवानगी मागे घेता येत नाही, म्हणून ती देण्यापूर्वी पुरता विचार करणे आवश्यक ठरते.

मुक्त परवान्यांचे फळ बालसाहित्यात ठळकपणे दिसते. बेंगळुरूच्या ‘प्रथम बुक्स’ या ना-नफा संस्थेने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू करून आपली सचित्र पुस्तके श्रेय देण्याच्या एकमेव अटीवर खुली केली. दक्षिण आफ्रिकेतून चालणाऱ्या ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ उपक्रमातील गोष्टीही तेथे आहेत, आणि एखाद्या शिक्षिकेला त्यांतील गोष्ट मराठीत आणून, चित्रांसह छापून वर्गात वाटायची असेल तर कोणाकडेही अर्ज करावा लागत नाही. अशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर मूळ लेखक, चित्रकार आणि अनुवादक यांची नावे परवान्यासह नोंदलेली असतात. ज्या भाषांना बाजारपेठ नाही म्हणून प्रकाशक मिळत नाही, त्यांच्या मुलांच्या हाती पुस्तक देण्याचा हा खात्रीचा मार्ग आहे.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घ्यावा लागतो. मराठी लेखकाचे मानधन मुळातच तुटपुंजे असताना त्याला औदार्याचा उपदेश करणे म्हणजे फुकट लेखनाची सोय लावणे ठरू शकते. म्हणून मानधन आणि परवाना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत: श्रमाचा मोबदला संपादकाने द्यायचाच, आणि कृती किती खुली करायची हे लेखकाने एकट्याने ठरवायचे. ज्याची उपजीविका लेखनावर आहे त्याने सर्व हक्क राखावेत, किंवा जुने, आता न विकले जाणारे लेखन तेवढे खुले करावे. निर्णय कोणताही असो, तो लिहून ठेवलेला असावा, कारण कायदा लेखकाच्या मौनाचा अर्थ नकार असाच घेतो.

याच भूमिकेतून प्रस्तुत अंकातील प्रत्येक लेख, कथा, कविता आणि चित्र यांच्या अखेरीस निर्मात्याने स्वतः निवडलेल्या अटी छापल्या आहेत. काहींनी आपले साहित्य खुले केले आहे, काहींनी सर्व हक्क राखले आहेत, आणि दोन्ही निर्णयांचा संपादक मंडळ सारखाच आदर करते. दिवंगत साहित्यिकांच्या वारसांनीही आपल्याकडील हक्कांचा असाच विचार करून तो लेखी नोंदवावा, अशी आग्रहाची विनंती आहे.