कुजणारे फुप्फुस आणि सुस्त राज्ययंत्रणा

राजस्थानात थंडी पडली की करौली, धौलपूर, टोंक, सवाई माधोपूर अशा जिल्ह्यांतील शेतमजुरांची आणि खाणकामगारांची आजारी मुले जयपूरकडे आणली जातात. सवाई मानसिंह वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेले जे. के. लोन रुग्णालय हा या गोरगरिबांचा अखेरचा आधार. करौलीहून जयपूर दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. एवढा पल्ला ओलांडून मूल वॉर्डात पोचते तेव्हा त्याचा न्यूमोनिया कित्येकदा साधा राहिलेला नसतो.

न्यूमोनियाचा एक उग्र प्रकार डॉक्टरांच्या परिभाषेत 'नेक्रोटायझिंग न्यूमोनिया' म्हणून ओळखला जातो. न्यूमोकॉकस किंवा स्टॅफिलोकॉकस जातीच्या जंतूंमुळे फुप्फुसाच्या एका भागाचा रक्तपुरवठाच खंडित होतो. तेथील पेशी मरतात, ऊती कुजते आणि तिच्या जागी पोकळ्या पडतात. पुष्कळदा छातीच्या पडद्यांमध्ये पू साचतो. कधी फुप्फुसाला छिद्र पडून हवा बाहेर झिरपत राहते. गोवर किंवा फ्ल्यू होऊन गेलेल्या मुलाला स्टॅफिलोकॉकस विशेष गाठतो. औषध चालू असूनही ताप उतरत नाही, श्वासाची धाप वाढत जाते, आणि सीटी स्कॅन केल्यावरच खरा प्रकार उघडकीस येतो. मग शिरेतून प्रतिजैविके काही आठवडे द्यावी लागतात, छातीत नळी घालून पू काढावा लागतो. आश्चर्याची गोष्ट अशी की, एवढा विध्वंस होऊनही वेळेवर आणि पुरेसे उपचार मिळालेल्या बहुसंख्य मुलांचे फुप्फुस काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत होते. शस्त्रक्रिया करून तो भाग कापून काढण्याची गरज क्वचितच भासते. बालशरीराची भरून येण्याची शक्ती अफाट आहे. परंतु तिला संधी मिळण्यासाठी खाट हवी, प्राणवायू हवा, आणि रोजंदारी बुडवून उशाशी आठवडेच्या आठवडे बसू शकणारे आईबाप हवेत.

वास्तविक पाहता ही लढाई जयपूरच्या वॉर्डात नव्हे, खेड्यात जिंकावयाची असते. दोन महिन्यांखालील अर्भकाचे श्वास मिनिटाला 60 किंवा अधिक, वर्षाखालील मुलाचे 50 किंवा अधिक आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे 40 किंवा अधिक असतील तर न्यूमोनियाची शंका घ्यावी, हे मोजमाप कोणतीही प्रशिक्षित स्त्री घड्याळ हाती घेऊन करू शकते. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोग्यसेवक व दायांना हेच शिकवले, त्यांच्या हाती कोट्रायमॉक्साझोलसारखे स्वस्त औषध दिले आणि बालमृत्यू घटवून दाखवले. तो वृत्तान्त 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर केंद्र सरकारला 'सांस' मोहीम जाहीर करावयास 2019 साल उजाडले! या मोहिमेने ॲमॉक्सिसिलिनची पहिली मात्रा देण्याची जबाबदारी आशा कार्यकर्तीवर टाकली. जबाबदारी टाकली, पण तिला कर्मचारी म्हणून मान्यता दिली नाही. श्रम कामगाराचे आणि दर्जा स्वयंसेविकेचा, असा हा व्यवहार आहे.

भीलवाडा परिसरात न्यूमोनिया झालेल्या अर्भकाला तापलेल्या सळईने डाम देण्याचे प्रकार आजवर अनेकदा उघडकीस आले आहेत. मेळघाटात पोटफुगीवर 'डंबा' देतात, त्याच जातीची ही प्रथा. अशी बातमी आली की शहरी वृत्तपत्रे आदिवासींच्या अंधश्रद्धेवर अग्रलेख लिहून मोकळी होतात. प्रथा क्रूर आहे, तिचे समर्थन कोणी करू नये. पण जेथे डॉक्टर पोचत नाही तेथे सळई पोचते, हेही त्याच अग्रलेखात यावयास हवे होते.

आता लसीकडे वळू. न्यूमोकॉकसविरुद्धची संयुग्म लस अमेरिकेत 2000 साली आली. भारतात ती खासगी दवाखान्यांत मिळू लागली, पण एका मात्रेला हजारो रुपये मोजणाऱ्यांसाठी. सार्वत्रिक लसीकरणात तिचा प्रवेश 2017 मध्ये झाला. राजस्थानला ती 2018 मध्ये काही जिल्ह्यांपुरती लाभली आणि देशभर विस्तार होण्यास 2021 उजाडले. म्हणजे एकवीस वर्षे. दरम्यान फायझरच्या तेरा प्रकारांच्या लसीला 'सीमांविना डॉक्टर्स' या संघटनेने रीतसर आक्षेप घेतला असतानाही 2017 मध्ये भारतीय पेटंट बहाल झाले, त्याची मुदत 2026 पर्यंत. 1970 च्या कायद्याने औषधांवरील उत्पादन पेटंट नाकारले होते. 2005 च्या दुरुस्तीने ते परत आणले, त्याची ही फळे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दहा प्रकारांची स्वस्त लस तयार करून 2020 च्या अखेरीस देशात आणली, ही समाधानाची बाब खरीच. तथापि फुप्फुस कुजवण्यात ज्याचा हात वारंवार आढळतो तो न्यूमोकॉकसचा तिसरा प्रकार या दहांत नाही, आणि तेरा प्रकारांच्या लसीचेही त्याच्याविरुद्धचे संरक्षण तोकडेच आहे. संशोधन पुढे गेले पाहिजे ते येथे. पण ते कोण करणार? कसौली, कुन्नूर आणि चेन्नई येथील सरकारी लसनिर्मिती केंद्रांचे उत्पादन 2008 मध्ये स्थगित करण्याचा पराक्रम याच देशाच्या आरोग्य मंत्रालयाने केला होता.

राजस्थान विधानसभेने मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचा कायदा संमत केला. आणीबाणीच्या प्रसंगी पैसे आगाऊ न मागता उपचार मिळावेत, ही त्यातील तरतूद. धाप लागलेल्या बालकासाठी याहून मोलाची दुसरी नाही. खासगी रुग्णालयांच्या मालकांनी जयपुरात दोन आठवड्यांहून अधिक काळ आंदोलन केले, आणि 4 एप्रिलला झालेल्या समझोत्यात पन्नासपेक्षा कमी खाटांची खासगी रुग्णालये कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याचे सरकारने मान्य केले. तालुक्याच्या गावी, जयपूरची बस पकडण्यापूर्वी, आईबाप ज्याची पायरी चढतात ते रुग्णालय बहुधा पन्नास खाटांहून लहानच असते.