एका दिवसात समुपदेशक घडवण्याचे नाटक बंद करा
कट्टा पंचक्रोशीतील नागरिकांसाठी पत्रक

सकाळी दीपप्रज्वलन, दुपारी भोजन आणि चार वाजता प्रमाणपत्र एवढ्यावर आशा सेविकांना व स्वयंसेवकांना 'समुपदेशक' ठरवून मोकळे होण्याची जी प्रथा जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या, म्हणजे १० ऑक्टोबरच्या, निमित्ताने रूढ होत चालली आहे, ती रुग्णांची उघड फसवणूक आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जण उपचारांवाचून असल्याचे आढळले. त्यांच्यासाठी राखलेला वेळ एक दिवस, आणि त्यातही निम्मा भाषणांचा.

डॉक्टर नसलेल्या माणसाला हे काम जमते, याबद्दल वाद नाही. तेरेखोलच्या पलीकडे गोव्यात 'संगाथ' संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांचा अभ्यास केला आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. त्यात मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत 'वर्तन-सक्रियता' ही पद्धत वापरली. चतुर्थी आटोपून चाकरमानी मुंबईला परतले की मागे राहिलेली एकटी बाई खळ्यात येणे, भजनाला जाणे सोडते, त्यामुळे मन आणखी खचते आणि खचलेल्या मनाने उरलीसुरली कामेही सुटतात. हे चक्र रुग्णाबरोबर बसून ओळखायचे आणि सुटलेली कामे लहान टप्प्यांनी, वार-वेळ ठरवून, पुन्हा सुरू करायची, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. तीन महिन्यांनी हे समुपदेशन मिळालेल्या गटातील ६४ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली होती, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते.

मात्र हे समुपदेशक तीन आठवडे वर्गात शिकले होते, त्यानंतर कित्येक महिने त्यांनी देखरेखीखाली उमेदवारी केली होती, आणि पुढेही त्यांच्या बैठकांची ध्वनिमुद्रणे सहकारी व तज्ज्ञ ऐकून गुण देत, चुका दाखवत. यश या देखरेखीचे आहे, आणि नेमकी तीच खर्चिक म्हणून आधी कापली जाते. एका व्याख्यानानंतर कुणाच्या हाती इंजेक्शनची सुई न देणारे लोक खचलेले मन मात्र बिनदिक्कत सोपवतात!

'काहीच नसण्यापेक्षा एक दिवस बरा' हा युक्तिवाद तर संतापजनक आहे. आत्महत्येचे विचार येतात का, हे सरळ विचारायला न शिकलेला समुपदेशक 'मन घट्ट करा' एवढेच सांगतो, आणि उपचार करून पाहिले, गुण आला नाही, अशी समजूत करून घेतलेला रुग्ण पुन्हा ओरोस किंवा बांबोळीची वाट धरत नाही. आशांवर आधीच कामाचा बोजा आहे, हा आक्षेप खरा आहे; म्हणूनच या कामाला वेगळी नेमणूक आणि वेगळे मानधन हवे.

यापुढे अशा शिबिराला सभागृह देण्यापूर्वी प्रत्येक ग्रामपंचायतीने आयोजकांकडून लेखी उत्तर घ्यावे: शिबिरानंतरच्या सहा महिन्यांत या समुपदेशकांच्या बैठका कोण ऐकणार, दर आठवड्याला त्यांच्याशी कोण बोलणार, आणि रुग्णाच्या जिवाला धोका दिसल्यास त्याच रात्री त्यांनी कुणाला फोन करायचा?