संपर्कयादी : दुसऱ्यालाही वाचता यावी अशी

औषधाची चिठ्ठी कितीही अचूक असली, तरी ती औषधविक्रेत्याला वाचता आली नाही तर रुग्णाच्या उपयोगाची नसते. आपल्या मोबाइलमधील नावांच्या यादीविषयी आमचे मत नेमके असेच आहे. ही यादी आपण स्वतःच्या सोयीसाठी करतो. परंतु तिची खरी गरज पडते ती आपल्याला बोलता येत नसते तेव्हा. त्या घटकेला ती परक्या माणसाच्या हाती असते. म्हणून संपर्कयादी दुसऱ्यालाही वाचता येईल अशीच असली पाहिजे, असे आमचे स्पष्ट प्रतिपादन आहे.

आखातात प्रथम आलेल्या आपल्या पिढीच्या खिशात एक छोटी डायरी असे. तीत नावापुढे मु. पो., तालुका, जिल्हा आणि १९७२ नंतर पिन कोड असे सविस्तर लिहिलेले असे. दूरध्वनी बहुधा शेजाऱ्याचा वा दुकानदाराचा; म्हणून क्रमांकापुढे कंसात ‘पी. पी.’ ही अक्षरे येत. त्या दोन अक्षरांत केवढा विश्वास साठवलेला होता! निरोप पोहोचविण्यासाठी कोणीतरी चार घरे ओलांडून धावत जाईल, हे गृहीत धरलेले असे. फोन लागला नाही तरी पत्ता उरत होता आणि पत्त्यावर तार जात होती. २०१३ च्या जुलैत भारतातील तारसेवा बंद झाली. डायरीची जागा मोबाइलने घेतली आणि तीनशे-चारशे नावे सहज मावू लागली. परंतु नावापुढचे गाव मात्र गळून पडले. आज आपल्यापाशी क्रमांक पुष्कळ आहेत, पत्ते नाहीत.

पत्ता सहसा बदलत नाही. क्रमांक बदलतो, बंद पडतो, दुसऱ्याच्या हाती जातो. भारतात एखादे सिम ९० दिवस वापरात नसेल व त्यात पुरेशी शिल्लकही नसेल, तर ते बंद होऊ शकते आणि कालांतराने तोच क्रमांक नव्या ग्राहकाला मिळतो. बहरीनमधील क्रमांक पूर्वी सहा आकडी होते, ते आठ आकडी झाले. कायमचे मायदेशी परतणाऱ्याचा येथील क्रमांकही यथावकाश दुसऱ्याचा होतो. केवळ क्रमांकावर उभे असलेले नाते एका सिमबरोबर तुटू शकते, याचा विचार आपण करावयास हवा.

बहरीनमध्ये तीन लाखांहून अधिक भारतीय राहतात. त्यांतील कित्येक जण कुटुंब मागे ठेवून एकटे राहतात. असा एखादा बांधव कामाच्या जागी कोसळून बेशुद्धावस्थेत रुग्णालयात येतो, तेव्हा उपचार तर तत्काळ सुरू होतात. परंतु याला पूर्वी कोणता आजार होता, कोणती औषधे चालू आहेत, कळवायचे कोणाला, हे प्रश्न अनुत्तरित राहतात. मोबाइल कुलूपबंद असतो. उघडला तरी आत ‘आई’, ‘भाऊ’, ‘दादा’, ‘साहेब’, ‘कांबळे १’, ‘कांबळे २’, ‘गायकवाड नवीन’ अशी नावे असतात. मोबाइल हाती घेणारी परिचारिका केरळची वा फिलिपिन्सची असेल, पोलीस अधिकारी बहरीनी असेल. त्यांनी देवनागरीतील ‘आई’ कशी वाचावी? आणि दुर्दैवाने मृत्यू ओढवलाच, तर अंत्यसंस्कार येथे करावयाचे की पार्थिव मायदेशी न्यावयाचे, हा निर्णय वारसांचा असतो. त्यांच्याशी संपर्क होईपर्यंत कागद पुढे सरकत नाहीत.

यावर उपाय खर्चिक नाही. २००५ साली इंग्लंडमधील बॉब ब्रॉची या रुग्णवाहिका-कर्मचाऱ्याने सुचविले, की प्रत्येकाने आणीबाणीत कळवावयाचे नाव ‘आय.सी.ई.’ या अक्षरांखाली मोबाइलमध्ये जतन करावे. त्याच वर्षीच्या लंडन बॉम्बस्फोटांनंतर ही कल्पना जगभर पोहोचली. आता बहुतेक स्मार्टफोनमध्ये कुलूप न उघडताही दिसेल अशी वैद्यकीय माहिती व आणीबाणीचे संपर्क भरून ठेवण्याची सोय आहे. ती सर्वांनी वापरावी. किमान ही नावे रोमन लिपीत, इंग्रजी नात्यासह लिहावीत : एक बहरीनमधील, एक मायदेशातील.

उरलेल्या यादीसाठी आम्ही एकच शिस्त सुचवितो. नाव, आडनाव, नाते वा काम, आणि गाव, याच क्रमाने प्रत्येक नोंद करावी. आपल्या समाजात एकाच आडनावाची दहा माणसे सहज निघतात. तेथे ‘मिरज’, ‘उमरेड’, ‘महाड’ हे शब्दच ओळख पटवितात. प्रत्येक क्रमांकापुढे अधिक-चिन्हासह देशाचा संकेतांक हवा : भारताचा ९१, बहरीनचा ९७३. त्यामुळे तोच क्रमांक मनामातूनही लागतो आणि नागपूरला सुट्टीवर असतानाही लागतो. निकटच्या दहा-बारा आप्तांच्या नोंदीत पूर्ण टपाली पत्ता, जवळचे पोलीस ठाणे आणि शक्य तेथे गावच्या पोलीस पाटलांचा क्रमांक लिहावा. आप्ताचा फोन लागला नाही, तरी गाव शिल्लक राहते.

परंतु यादीला दोन टोके असतात आणि दुसऱ्या टोकाचा आपल्याला विसर पडतो. गावाकडील वृद्ध आईपाशी मुलाचा एकच क्रमांक असतो. तो बंद लागला की त्या माउलीला सारे बहरीन बंद होते. तिच्या घरच्या भिंतीवर कागदाचा एक तक्ता असावा : मुलाचे पारपत्रावरील पूर्ण नाव, कंपनीचे नाव व कार्यालयाचा क्रमांक, सोबत राहणाऱ्या एका मित्राचा क्रमांक, मनामातील भारतीय दूतावासाचा क्रमांक आणि येथील पत्ता. बहरीनचा पत्ता म्हणजे फ्लॅट, इमारत, रस्ता आणि ब्लॉक हे चार आकडे. ते येथील गृहिणींना व मुलांनाही तोंडपाठ हवेत. ९९९ वर रुग्णवाहिका मागविताना त्यांचाच उपयोग होतो. कित्येक घरांत नवऱ्याच्या कार्यालयाचा क्रमांक पत्नीला ठाऊक नसतो, ही गोष्ट आम्हाला वैद्यकीय दृष्ट्याही धोक्याची वाटते.

मोबाइलची बॅटरी संपते, पडदा फुटतो. म्हणून यादीची एक प्रत ई-मेल खात्यात आणि एक कागदावर असावी. सीपीआर कार्डामागे एक चिठ्ठी ठेवावी : रक्तगट, मधुमेह वा हृदयविकार असल्यास त्याची नोंद, रक्त पातळ करणारे औषध वा इन्सुलिन चालू असल्यास त्याचे नाव, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, आणि दोन क्रमांक. विदर्भातील आपल्या अनेक कुटुंबांत सिकल सेल आढळतो. ज्यांना हा आजार आहे, त्यांनी त्याची नोंद न संकोचता करावी. बहरीनमध्येही हा आजार असल्याने येथील डॉक्टर त्याच्याशी चांगले परिचित आहेत. त्यांना वेळेत कळले पाहिजे एवढेच.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. यादी आपली असली, तरी तीतील क्रमांक इतरांचे आहेत. भारतात झटपट कर्ज देणाऱ्या काही ॲपांनी कर्जदारांच्या संपर्कयाद्या उचलल्या आणि वसुलीसाठी त्यांच्या नातेवाइकांना, सहकाऱ्यांना फोन करून अब्रूचे धिंडवडे काढले. २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्या ॲपांना संपर्कयादी पाहण्यास मनाई केली. बहरीनमध्येही व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०१८ चा कायदा आहे. कोणतेही ॲप यादी मागू लागले, की ‘नाही’ म्हणावयास शिकले पाहिजे. स्मरणिकेच्या शेवटी सभासदांचे क्रमांक छापण्याची जुनी प्रथा आपुलकीची आहे. तथापि प्रत्येकाची संमती घेऊनच ती पाळावी.

दिवंगतांच्या नोंदींचे काय करावे, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. वडिलांचे नाव पुसण्यास बोट धजत नाही, हे स्वाभाविक आहे. आमच्या मते नाव ठेवावे, गाव ठेवावे, त्यापुढे स्मृतिदिन लिहावा. क्रमांक मात्र काढून टाकावा. तो उद्या अनोळखी माणसाकडे जाईल आणि एखाद्या सणाच्या शुभेच्छा भलत्याच घरी पोहोचतील.

ही स्मरणिका हाती पडेल त्या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक तास काढावा. यादी नीट लावून झाली, की मोबाइल जोडीदाराच्या वा मोठ्या मुलाच्या हाती द्यावा आणि तीन गोष्टी शोधावयास सांगाव्यात : कंपनीचे कार्यालय, गावाकडील एक आप्त, आणि मध्यरात्री धावून येईल असा एक शेजारी. पाच मिनिटांत तिन्ही सापडले, तर यादी ठीक आहे. न सापडल्यास ती पुन्हा लिहावी, आणि या वेळी सारे कुटुंब एकत्र बसून लिहावी.