गाणे तेच, प्रसंग कोठे?

गाणे का आवडते, याचे उत्तर बहुधा सुरांत शोधले जाते. ते ऐकणाऱ्याच्या परिस्थितीतही शोधावयास हवे. १९६२ च्या चीन युद्धातील पराभवाची जखम ओली असतानाच, २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर लता मंगेशकरांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ गाइले. शब्द कवी प्रदीप यांचे, चाल पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांची. पंडित नेहरूंचे डोळे पाणावले, ते केवळ चालीमुळे नव्हे. शोक आधीच दाटलेला होता. गाण्याने त्याला वाट करून दिली.

तेच गाणे आता राष्ट्रीय दिनी चौकाचौकांत ध्वनिक्षेपकांवर सकाळपासून वाजत राहते आणि त्याखाली भाजीचे भाव ठरतात. लोकांचा देशाभिमान आटला, असा याचा अर्थ नव्हे. गाण्यामागचा प्रसंग तेवढा नाहीसा झाला आहे. मात्र खडकीत पाठीच्या कण्याला इजा होऊन पंगू झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. तेथे चाकांच्या खुर्चीवर बसलेल्या जवानाच्या कानी हे सूर पडतात, तेव्हा त्यांचा अर्थ त्याला कोणी सांगावा लागत नाही.

म्हणून दिवसभराचा हा गजर थांबवावा. शाळांनी आधी १९६२ ची हकीकत मुलांना सांगावी आणि मग हे गाणे एकदाच, शांतपणे ऐकवावे. ज्यांच्यासाठी ते रचले गेले, त्यांचे स्मरण राहील ते अशा ऐकण्यानेच.