देवभाताचा धनी कोण?

ऋषिपंचमीला व्रतस्थ स्त्रिया बैलाच्या श्रमाचे अन्न वर्ज्य मानतात. नांगर न लागलेले धान्य म्हणून त्या दिवशी देवभाताला मान मिळतो. तळ्याच्या, ओढ्याच्या चिखलात आपोआप उगवणारा, लांब कुसळांचा हा रानटी भात. दाणा पिकताच गळून पाण्यात पडतो. त्यामुळे त्याची कोठारे भरता येत नाहीत. वर्षातून एक दिवस पवित्र ठरणारे हे गवत उरलेले दिवस तण म्हणून उपटले जाते.

परंतु या तणाचे ऋण जगाच्या ताटावर आहे. १९७०च्या दशकात आशियातील भातपिकावर खुरटेपणाचा विषाणुरोग पसरला, तेव्हा फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय संस्थेने हजारो वाण तपासले. प्रतिकारशक्ती सापडली ती देवभाताचा सख्खा भाऊ असलेल्या, उत्तर प्रदेशातील 'नीवार' या रानभातात. त्यातून घडलेला 'आयआर ३६' हा वाण १९७६ मध्ये प्रसारित झाला व पुढे लक्षावधी हेक्टरांवर पेरला गेला. बीज गावच्या डबक्यातले. श्रेय आणि सत्ता मात्र प्रयोगशाळेची! लाभात स्थानिकांचा वाटा मानणारा जैवविविधता कायदा आपल्याकडे येण्यास २००२ साल उजाडले.

अहिल्यानगर जिल्ह्याचा भातपट्टा म्हणजे अकोले तालुका. येथे १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. डोंगरातील आदिवासींच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि कालव्यांचे पाणी खाली संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या उसाकडे वळले. पाणी असे गेले. आता बीजही जाऊ द्यावयाचे काय? याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाण जपले; २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. सन्मान उचितच. पण एका स्त्रीचा गौरव करून शासनाचे कर्तव्य संपत नाही. घरातील बियाणे मडक्यात राखता येते. रानभात राखायचा तर पाणथळच राखावी लागते.

त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. १९९६च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातील लहान जलाशयांचे व्यवस्थापन पंचायतींकडे सोपविले आहे, आणि अकोल्याचा मोठा भाग या क्षेत्रात मोडतो. लोकजैवविविधता नोंदवही कंत्राटदाराने कार्यालयात बसून भरू नये. ती ग्रामसभेत, रानभाज्या व रानधान्ये ओळखणाऱ्या स्त्रियांच्या तोंडून लिहिली जावी. तळी बुजविण्याचा वा ठेक्याने देण्याचा निर्णय त्यांच्या संमतीविना होऊ नये. देवाच्या नावाने ओळखला जाणारा भात अखेर कोणाचा, याचे उत्तर त्याचे पाणी राखणाऱ्या माणसांनीच द्यावयाचे आहे.